सांगणारी कुठं बसलीय?

बाइंडर चाचांना एक कथा वाचायला आठ दिवस लागत, आणि याचा त्यांना चक्क अभिमान होता. शिरूरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून ते फाटकी पुस्तकं बांधायचे. दिवाळी अंक सभासदांच्या घरोघरी फिरून जानेवारीत पार खिळखिळे होऊन परत आले, की त्यांचे गठ्ठे चाचांपुढे पडत. पुठ्ठ्याला खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत हाताला लागेल तो अंक उघडून वाचायचा, अशी त्यांची रीत. एखाद्यानं सकाळी नेलेलं पुस्तक संध्याकाळी ‘झालं वाचून’ म्हणत परत आणलं, तर चाचा आतूनच ओरडत, “वाचलं का नुसतं उलटलं?” सभासद चिडायचे. ग्रंथपाल बिचारे कपाळाला हात लावायचे.

नव्वदच्या दशकात मी शिरूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला नव्यानंच लागले होते. भांडगावचं घर सोडून पहिल्यांदाच एकटी राहत होते, एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला होता, त्यामुळे डोकं जरा हवेतच होतं. कथा शिकवायची म्हणजे फळ्यावर चौकट आखायची, आत ‘मध्यवर्ती कल्पना’ लिहायची, खाली पात्रांचे स्वभावविशेष, झाला तास. मुलं खूश, मीही खूश.

चाचांची आणि माझी पहिली गाठ पडली ती एका जुन्या दिवाळी अंकावरून. त्यातली एक कथा मी वाचनालयातच बसून वाचली आणि अंक परत देताना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “या कथेत काहीच घडत नाही.” खरंच नव्हतं घडत. एका घरी दुपारी पाहुणा जेवायला येतो. घरातला मोठा भाऊ त्याच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारतो. पाहुणा जेवतो आणि जातो. जाताना ‘घरात सगळी बरी आहेत ना?’ असं विचारतो, भाऊ ‘सगळी बरी’ म्हणतो, आणि कथा संपते. हे सगळं सांगते त्या भावाची तरुण, विधवा बहीण.

चाचांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. “मॅडम, सांगणारी कुठं बसलीय?”

“म्हणजे?”

“म्हंजी गोष्ट सांगती ती बाई. त्या टायमाला घरात कुठं हाय ती?”

मला आठवेना. चाचांनी अंक घेतला, पान काढलं आणि बोट ठेवून दाखवायला लागले. पाहुण्याचा आवाज कसा, खाकरणं कसं, पाणी पिताना घोट किती घेतले, सगळं त्या बाईनं सांगितलं होतं. पण त्याचा चेहरा कसा होता, अंगात काय होतं, याबद्दल अख्ख्या कथेत एक अक्षर नव्हतं. “ऐकलंय सगळं, बघितलं काईच न्हाई. ती सैपाकघरात हाय, पडद्याच्या आत. आता मला सांगा, पाव्हणा आला कशापायी? पीकपाणी बोलायला? तो तिला मागणी घालायला आलाय. भावानं परस्पर वाटंला लावला. आन् जाताना त्यानं इचारलं, सगळी बरी हायत का. ते कुणासाठी इचारलं? तिला कुणी भाईर बोलवलंच न्हाई, मॅडम.”

मी त्या मागच्या खोलीत उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. कथेसाठी आले, तसे स्वतःच्या फजितीसाठीही आले. मी हीच कथा शिकवली असती तर चौकटीत ‘पाहुणचाराचे महत्त्व’ लिहून मोकळी झाले असते.

चाचा सातवी शिकलेले. ही नजर त्यांना कुठून आली, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “इनामगावच्या मातीतनं.” जवानीत ते तिथल्या उत्खननावर मजूर होते. घोड नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीची वस्ती उकरत होते, तिथं चाचा ब्रशनं माती झाडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी उत्साहानं एक खापर उचलून साहेबांना नेऊन दिलं, आणि शाबासकीऐवजी बोलणी खाल्ली. “साहेब म्हनले, आता ह्याचा काय उपेग? कुठं पडलं व्हतं, चुलीपाशी का मढ्यापाशी, ते गेलं की! वस्तू हाय तिथंच राहू द्यायची. कुठं पडलीय ते आधी ल्ह्यायचं, मग उचलायची.” ही शिस्त त्यांनी पुढं पुस्तकांना लावली. पहिल्यांदा वाचायचं ते काय झालं ते कळायला. दुसऱ्यांदा सांगणारा कुठं बसलाय ते बघायला. तिसऱ्यांदा, तो काय काय सांगत नाही ते धुंडाळायला. मग आठ दिवस लागणारच.

पुढच्या तीन-चार वर्षांत माझं खरं एम.ए. त्या खोलीत झालं. कॉलेज सुटलं की मी तिथं जाऊन बसायची. चाचा चहा मागवायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. बरोबर सांगितलं तर मान हलवायचे, तीही एकदाच. त्या एका मान हलवण्यासाठी मी रात्री जागून कथा वाचल्या आहेत, आज सांगायला हरकत नाही.

चाचांना एकच लेक, नसीम. आई लहानपणीच गेलेली, म्हणून ती याच खोलीत, पुठ्ठ्यांच्या ढिगात बसून वाचायला शिकली. बापाचे तिन्ही वाचनांचे धडे माझ्या आधी तिनं गिरवलेले. ती दौंडला दिली होती. नवरा रेल्वेत, सासूबाई मायाळू. चाचा अगदी निर्धास्त होते. दर पंधरा दिवसांनी तिचं पत्र यायचं, मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात. बोलावल्याशिवाय बापानं लेकीच्या घरी जायचं नाही, हा त्यांचा दंडक. शिवाय त्या पावसाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नसीमनंच लिहिलं होतं, ‘अब्बा, डोळा नीट होईपर्यंत प्रवास करू नका.’ त्यामुळे चार महिन्यांत त्यांनी दौंड पाहिलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आले, तर चाचांनी माझ्यापुढे आठ पत्रं ठेवली. “मॅडम, वाचा. आमची नसीम गोष्टीवानी ल्हिती. तिला म्हनावं का, अंकाला कथा पाठव म्हणून?”

मी वाचायला लागले आणि खरंच, काय सुंदर लिहायची ती! ‘सासूबाईंनी आज दालचा केला, सगळे बोटं चाटत होते.’ ‘समोरच्या कडुनिंबावर कावळ्यानं तारेचं घरटं बांधलंय.’ ‘दुपारची गाडी आज फार उशिरा गेली.’ ‘भाजीवालीकडं कोवळी मेथी होती, पण घरात कुणाचं लक्षच गेलं नाही, ती गेली निघून.’ ‘जाऊबाई मला म्हणतात, तुझे केस मीच विंचरणार.’

आठही पत्रं मी नीट, चाचांच्या रीतीनं वाचली. आणि मला एकदम काहीतरी गवसल्यासारखं झालं. मला शाबासकी हवी होती हो, दुसरं काही नाही. मी पत्रं खाली ठेवली आणि त्यांच्याच सुरात, हसत विचारलं, “चाचा, सांगणारी कुठं बसलीय?”

चाचाही हसले. “खिडकीपाशी.”

“आठही पत्रांत खिडकीपाशीच. तिथून उठतच नाही बघा.”

हे बोलता बोलताच त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. चाचांनी पत्रं ओढून घेतली. ओळीवर बोट ठेवून ते वाचत गेले. दालचा सासूनं केला. पाणी जावेनं भरलं. केसही जावेनं विंचरले. चार महिन्यांत नसीमनं काही शिजवलं नव्हतं, काही आणलं नव्हतं, ती दारापर्यंतसुद्धा गेली नव्हती. मेथी घ्यायला तिला साधी हाक मारता आली नव्हती. खळीनं भरलेले हात चाचांनी तसेच धोतराला पुसले आणि चपला शोधायला लागले. त्या समोरच होत्या.

दुपारच्या एसटीनं आम्ही दौंडला गेलो. वाटेत त्यांनी मला एकच प्रश्न चार वेळा विचारला, “पाय मोडला आसंल, न्हाई का?” मी चारही वेळा ‘हो, तसंच असेल’ म्हटलं.

नसीम खिडकीला लागून ठेवलेल्या खाटेवर होती. लहानपणच्या तापानं हृदयाची झडप कधीची निकामी होत आली होती आणि त्या पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांना दोनदा दाखवून झालं होतं. त्यांनी आता काही होण्यासारखं नाही म्हणून सांगितलं होतं. सासूबाई रडत पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “लय येळा म्हनलं कळवू. तिनंच शपथ घातली. म्हनायची, अब्बाचा डोळा बरा होऊ द्या.” नसीमला बोलताना धाप लागत होती. बापाला बघून ती आधी म्हणाली, “काळा चश्मा कुठंय? धुळीत तसेच आलात?” मग चाचांनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा हळूच म्हणाली, “कळवायचं नव्हतं, अब्बा. पण तुम्हाला खोटं लिहायला हात धजेना.”

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. चाचा तिच्या उशाशी बसून होते. मी दोन रविवारी भांडगावला घरी आले होते, तिथून गेले. दोन्ही वेळा ते तिला दिवाळी अंकातली कथा वाचून दाखवत होते, सरळ, कुठंही न थांबता, कुठंही बोट न ठेवता. विसाव्या दिवशी सकाळी नसीम गेली. पुरुष मंडळी तिला घेऊन गेली आणि मी घरात बायकांत बसून राहिले. समोरच्या खाटेवर नुसती चादर होती.

चाचा शिरूरला परतले, पुस्तकं बांधायला लागले, पण वाचेनात. खळ वाळेपर्यंत भिंतीकडं बघत बसायचे. दोन महिने मी हे पाहिलं आणि मग न राहवून त्यांच्यावर चिडले. माझी अक्कल बघा, त्या माणसावर चिडले! म्हटलं, “चाचा, तुम्ही वाचायचं सोडलंत तर मी कुणाकडं जाऊ?”

त्यांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. मग म्हणाले, “मॅडम, तिची पत्रं मी एकदाच वाचायचो. खूश व्हायचो आन् खिशात ठिवायचो. गोष्टीतल्या परक्या बाईसाठी आठ आठ दिस घातले. तिचं दुक हुडकून काढलं, मान डोलावली. ती माजी न्हवती ना, म्हणून जमलं. आपल्या लेकीचं मातर सुखच वाचावं वाटतं हो. तिनं तर काईच लपवलं न्हवतं. तिला वाटलं आसंल, आज न्हाई उद्या अब्बा नीट वाचतील. चार महिने वाट बघितली आसंल पोरीनं.”

मी त्यांना म्हटलं, तसं नसेल. पण तसं असेलही, हे मलाही कळत होतं. तिनं बाप वाचेल म्हणून लिहिलं, की वाचणार नाही या भरवशावर लिहिलं, याचं उत्तर मला इतक्या वर्षांत मिळालेलं नाही. ते सांगणारी एकच होती.

पुढं माझं लग्न ठरलं आणि मी शिरूर सोडलं. चाचा स्टँडवर पोचवायला आले. मला तोवर ते ‘मॅडम’ऐवजी ‘ताई’ म्हणू लागले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, “पत्र टाका, ताई. आन् बरं नसलं, तर बरं न्हाई म्हणून सरळ पहिल्या वळीत ल्हा. मला आता वाचता येत न्हाई.”

मी तसंच लिहीत गेले. सात-आठ वर्षं. साधा ताप आला तरी पहिल्या ओळीत. सासरी कुणी टाकून बोललं, तेही पहिल्या ओळीत, आणि मगच बाकीचं. त्यांची उत्तरं दोन-तीन ओळींची असत. एके दिवशी कार्ड आलं, त्यावर एवढंच होतं, ‘ताई, मला बरं नाही. यावं.’

मी त्याच दिवशी शिरूर गाठलं. चाचा पुतण्याच्या घरी अंथरुणावर होते, पार वाळलेले, पण शुद्धीवर होते. मी जवळ बसले. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस उरलेत आणि भीती कशाची वाटते, हे सगळं त्यांनी मला एकेक करून, सरळ सांगितलं.