मावशीची भट्टी आणि न जळालेली मोटर

अन्याय झाला माझ्या मावशीवर. दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला, बाळकुममधल्या बचत गटाच्या स्वयंपाकघरात, सगळ्या बायकांसमोर. नोंद असू द्या.

गटाकडे पुऱ्या तळायला एक भट्टी आहे. ती गॅसची नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या तिच्यात जळतात. वरच्या टाकीत कांड्या ओतायच्या. खाली मोटरवर एक लोखंडी स्क्रू फिरतो आणि त्या बेताबेताने जाळापर्यंत ढकलतो. ही भट्टी मावशी चालवते आणि जीव लावून चालवते. त्या सकाळी मात्र भट्टीचा पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि स्क्रू ढिम्म. जाळ विझला. पुऱ्या कशाबशा गॅसवर तळल्या.

कंपनीचा मेकॅनिक आला, सणाला बोलावलं म्हणून तोंड फुगवून. टाकीला हातही न लावता म्हणाला, "मोटर जळाली. ओल्या कांड्या घातल्या असणार. लेडीज लोकांना हे जमत नाही."

आणि गटाच्या अध्यक्षबाईंनी मान डोलावली! "आता भट्टीला माणूसच ठेवू," म्हणाल्या. मावशीला लाटायला बसवलं.

मी ठाणे स्टेशनला पत्रकं वाटायला गेलेले. परत आल्यावर कळलं. मी आयटीआय पास इलेक्ट्रिशियन आहे हे लोक विसरतात, कारण मी त्यांना नेहमी भांडतानाच दिसते. दुसऱ्या सकाळी वायरी तपासायचं मीटर घेऊन थडकले.

"आलीस का मोर्चा घेऊन?" मावशी म्हणाली.

"मोर्चा नाही, मीटर आणलंय."

"मग आधी चहा घे. रिकाम्या पोटी तू कुणाचं ऐकत नाहीस."

प्लग काढला. मोटरच्या वायरी सोडवून मीटर लावलं. आतलं वेटोळं शाबूत, जळका वास नाही, काही नाही.

"मोटर धडधाकट आहे!"

"मग फिरत का नाही?" अध्यक्षबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"तिला वीजच मिळत नाही म्हणून. उपाशी माणसाला आळशी म्हणता का तुम्ही?"

वायर धरून मागे मागे गेले. टाकीच्या तोंडाशी एक छोटा स्विच आहे. झाकण नीट बसलं तरच तो दाबला जातो, नाहीतर मोटर बंद. कुणाचा हात स्क्रूत सापडू नये म्हणून केलेली सोय. स्विचला मीटर लावून तो बोटाने दाबला, मीटर वाजलं, म्हणजे वीज पुढे जायला वाट आहे. सोडून झाकण लावलं, मीटर गप्प. म्हणजे स्विच चांगला, झाकणच पुरतं बसत नव्हतं. उचलून कडेखाली बघितलं तर चेंगरलेला झेंडू, दोरा आणि घडी पडलेली आंब्याची दोन पानं!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, भट्टीची पूजा झालेली. सकाळी हार ओढून काढला, पण झाकणाखालचं टोक तुटून तिथेच राहिलं.

"हार कोणी घातलेला?" मी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या. अध्यक्षबाईंचा पदर तोंडावर गेला. "अगं बाई! मीच की!"

मावशी पोळपाटावरून मानही वर न करता म्हणाली, "अध्यक्षबाई, लेडीज लोकांना हे जमत नाही हो."

मग जे हसणं सुटलं! एक बाई पिठाच्या परातीवरच वाकली. अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या.

कचरा काढला, वायरी जोडल्या, झाकण लावलं, प्लग घातला. स्क्रू करकरला, कांड्या टपटप पडल्या, जाळ धरला. मावशी उठली, हात झटकले आणि झारा घेतला. पहिली टम्म पुरी तिने अध्यक्षबाईंच्याच हातावर ठेवली. तोंड पोळत असताना त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुकले गं. भट्टी तुझीच." मी तिथल्या तिथे त्यांना मेकॅनिकला फोन करून 'मोटर जळालीच नव्हती' असं सांगायला लावलं. हेसुद्धा नोंदवा.

आता तुमची पाळी. घरात, सोसायटीत, कारखान्यात कुणी यंत्राकडे न बघताच 'बाईने बिघडवलं' म्हणालं, तर मान डोलावू नका. त्याला सांगा, मीटर लाव आणि दाखव. आणि तो दाखवत नाही तोवर त्या बाईला तिच्या जागेवरून उठवू नका.