पंक्चर नसलेली सायकल

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझे पाय माझं ऐकत नाहीत हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

धुळ्याच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला होता. रोग मेंदूचा आहे, पायाचा नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, मग शिक्षा पायाला कशाला? तो हसला, गोळ्या लिहिल्या. माझी शाळा चौथीतच सुटली, मेंदूचं मला काही कळत नाही. एवढं कळतं की चालू लागलो की चालतो, थांबलो की संपलं. काळ्या मातीत चप्पल रुतावी तसे पाय जागेवर धरले जातात. अंग पुढं जातं, पाय मागंच. आणि हात मोकळा राहिला की थरथरतो.

मी दोनदा पडलो तेव्हा मुलगा जळगावहून वॉकर घेऊन आला. तो तिथं पाइपच्या कंपनीत आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणाला, "नाना, हे धरून चाला. नाहीतर माझ्याकडं चला. तिथं पडायची भीती नाही."

पडायची भीती नाही, कारण तिथं चालायलाच जागा नाही. गॅलरीत उभं राहायचं आणि खालच्या रिक्षा बघायच्या. मी एका जागी बसणारा माणूस नाही. जन्मात बसलो नाही. घरात अर्धा तास गेला की जीव फडफडतो, उगाच गोठ्यात जातो, दाराशी येतो, परत आत जातो.

वॉकर मी एकदाच गल्लीत नेला, पहाटे, कोणी नसताना. त्याला चाकं नाहीत. उचल, ठेव, पाऊल टाक, परत उचल. प्रत्येक पावलाला नव्यानं सुरुवात, आणि सुरुवातच मला जमत नाही. त्यात मातीत त्याचे पाय रुततात. शिवाय खरं सांगतो, लाजही वाटली. आमच्याकडं वॉकर दिसला की लोक धरून चालतात, याचे आता फार दिवस नाहीत.

मग मी सायकल काढली. बसायला नाही, धरायला. दोन्ही मुठी घट्ट धरल्या की हात थरथरत नाही. चाक पुढं जातं, त्याच्या मागं पाय आपोआप जातात. पाय धावायला लागले तर ब्रेक दाबायचा. रिकामी सायकल हलकी पडते, म्हणून कॅरिअरवर अर्धं पोतं माती बांधली. रोज सकाळी घरापासून फाट्यावरच्या हॉटेलापर्यंत आणि परत.

लोक विचारायचे, "काय नाना, पंक्चर?"

"हा भो, पंक्चर."

एखाद्या दिवशी चेन पडलेली असायची, एखाद्या दिवशी हवा नसायची. हॉटेलवाला म्हणायचा, "नाना, तुम्हनी सायकल तुम्हनापेक्षा म्हातारी व्हयनी!" सगळे हसायचे. मीही हसायचो. सायकलीला म्हातारं म्हटलेलं मला चालत होतं.

थंडीतली सकाळ होती. अर्ध्या रस्त्यात आमच्या गल्लीतला वायरमन भेटला. चांगला माणूस, कोणाच्याही कामाला धावणारा. मला पोत्यासकट सायकल लोटताना बघून त्याला राहवेना.

"नाना, द्या इकडे. हाई वय शे का वझं लोटानं?"

"राहू दे रे भो, जास मी."

"असं कसं? लोके काय म्हनतीन माले?"

"राहू दे म्हनस ना!"

आता आपल्याकडं राहू दे म्हटलं की समोरचा आणखी जोर करतो. चहाला नाही म्हणा, कप हातात येतो. मी जितकं नको म्हटलं तितकं त्याला वाटलं, नाना भीड धरतात. त्यानं माझी बोटं मुठीवरून सोडवली, प्रेमानं. चाक दाबून पाहिलं, पेडल फिरवून पाहिलं आणि ओरडला, "नाना, हिले काहीच नई व्हयेल! घरी लाई देस. तुम्ही या आरामात."

टांग टाकली आणि गेला.

मी रस्त्याच्या मधोमध. धरायला काही नाही. पाय रुतले ते रुतले. हात सुटला, थरथरायला लागला, तो मी धोतराच्या सोग्यात लपवला. मागून कापसाची ट्रॉली आली. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, परत वाजवला.

"नाना, बाजूले व्हा ना!"

मी मान वर करून उभा राहिलो, जसं काही ऐकूच आलं नाही. तो शिव्या गिळत कडेच्या गवतातून ट्रॉली काढून गेला. मग एक बाई शेळ्या घेऊन आली.

"काय देखी राहिनात नाना?"

"तारा देखस. ढिल्या व्हयन्यात."

तीही वर बघायला लागली. म्हणाली, "माले ते चांगल्या दिसतस." शेळ्या पुढं गेल्या म्हणून सुटलो, नाहीतर ती वायरमनलाच बोलावून आणती.

शेवटी आमची म्हातारी आली, हातात वॉकर. दुरूनच बोलत आली.

"वायरमन सायकल ठी गया, तुम्ही कोठे ऱ्हायनात म्हनीसन उनू. आनि पोतामा माती? आपला घरमा कमी शे का माती?"

"हळू बोल."

"काबं हळू? तो सायकल लई गया तर त्याले सांगानं ना, माले हिन्याबिगर चालता येत नई म्हनीसन." मग माझ्या तोंडाकडं बघून ती थांबली. "तुम्ही कोनलेच सांगेल नई?"

मी तिच्या हातातला वॉकर घेतला.

वॉकर धरून घरी आलो. यायला किती वेळ लागला ते विचारू नका. दोनदा मागं कोसळत होतो, दोनदा तिनं पाठीला हात लावला. तिनं ते सगळं बघितलं. ओट्यावर बसलो तेव्हा तिनं वॉकर भिंतीला टेकवला.

"हाई ते सायकलपेक्षा वाईट शे," ती म्हणाली. मला बरं वाटलं. पण तिनं फोन हातात घेतला. "ट्रॉलीवाला माले वाटमा भेटना. आज त्यानी बाजूतीन काढी. उद्या नई काढाव. एक ते तुम्ही गावले सांगा. नई ते मी पोऱ्याले सांगस, आनि तुम्ही चालनात जळगावले."

"गावले काय सांगू? दवंडी पिटू?"

"पिटा."

दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही. गोठ्यात गेलो, दाराशी आलो. जेवताना भाकरीवर राग काढला. ती फोन पदराखाली घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि फाट्यावर गेलो. हॉटेलात सगळे होते, वायरमनही. तो लगेच उठला. "नाना, परत लोटतच उनात?" आणि हात पुढं केला.

"हात लाऊ नको," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा झाला. "हिले पंक्चर नई. कधीच नव्हतं. माले कंपवात शे. हिले धरीसनच चालता येस. हाई सोडी ते मी जागेवर."

हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. वायरमन हात तसाच धरून उभा. मग हळूच म्हणाला, "नाना, काल मी तुम्हले रस्तामा सोडी गयथू?"

"गयथास."

मी सायकल घराकडं वळवली. सगळे बघत होते आणि पाय उचलेना. निघावं म्हटलं की नेमकं तेव्हाच. मी थांबलो, कोणाकडं बघितलं नाही. मग ब्रेक सोडला, चाक जरा पुढं ढकललं, आणि निघालो.