घरमालकीणबाईंची तीन बोटं

माणूस डोक्याने विचार करतो ही निव्वळ अफवा आहे, असं मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली आणि तिच्याच घरी मी पाच वर्षं भाडेकरू होतो. बोरगाव मेघेच्या आमच्या घरमालकीणबाई निवृत्त नर्स. घरात एकट्याच. तीस वर्षं नाड्या मोजून त्यांचं मत झालं होतं, की माणसाचं आधी मनगटात ठरतं, मग पोटात कालवतं आणि डोक्याला खबर सगळ्यांत शेवटी लागते. मिरवतं मात्र तेच. कुणी सल्ल्याला आलं की त्या मनगटावर तीन बोटं ठेवून दोन्ही पर्याय मोठ्याने म्हणत. नाडी उडेल तो निकाल. रेडिओ घ्यावा की शिलाई मशीन, सगळं असंच ठरे. शेजारच्या मास्तरांची नाडी 'वडनेर' म्हणताच धावली, म्हणून त्यांनी तिथे बदली मागून घेतली. दुसऱ्या दिवशी कळलं, मास्तरांना हिवताप होता.

"मंग हिंगणघाट म्हटलं तवा काऊन नाई धावली?" बाईंचा सवाल. मास्तर वडनेरला असे रमले, की परत आलेच नाहीत.

अठ्ठ्याहत्तर साली मी लग्नासाठी दोन मुली पाहिल्या आणि कागदावर रेघ मारून दोघींचे गुण मांडले. नागपूरच्या मुलीचे अकरा. आष्टीच्या शिक्षिकेचे दोन, त्यातला एक नुसताच 'हसते'. बाईंनी तो कागद न वाचता त्यावर तांदूळ निवडायला घेतले.

"हात दे. नागपूर." काही नाही. "आष्टी… अगं माय! हे तं पयतच सुटली!"

"मी आत्ताच विहिरीवरून दोन बादल्या आणल्यात," मी म्हणालो.

"अन् कानं काऊन लाल झाले तुये? कानानं बादल्या आणल्या का?"

माझं डोकं तरी दोन दिवस नागपूरलाच धरून होतं. तिसऱ्या दिवशी होकाराचं पत्र लिहायला बसलो, तर हाताला असा घाम सुटला, की शाई पसरून नागपूरच्या होऊ घातलेल्या सासरेबुवांच्या नावाचा भोपळा झाला. मी उठलो आणि आष्टीची बस धरली.

लग्नात बाई पहिल्या पंगतीला मठ्ठा पीत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "बाई, तुम्ही स्वतःची नाडी कधी पाहिली का हो?"

"आपली आपल्याले नाई समजत, बापू. दुसऱ्यानं पाह्याले लागते."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. त्यांचं मनगट धरावं असं माझ्या फार मनात आलं. पण तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली आणि मी बायकोशेजारी जाऊन उभा राहिलो.