डाव्या कोपऱ्याचा फोटो

निवृत्तीनानांनी आयुष्यात कधी पाकीट वापरलं नाही. धोतर, बंडी आणि कमरेला चंची. सुपारीही तिच्यात, नोटाही तिच्यातच. पण मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा हा माणूस शहागडच्या फाट्यावर चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये दिवसभर पाकिटंच बघत असायचा. साधीसुधी नव्हेत. मोठ्या नावांची, परदेशी, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरून विकायला काढलेली. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, डावा कोपरा बघायचा, पुढे सरकायचं. कोपरा दिसत नसेल तर विकणाऱ्याला मोबाइलमध्ये बोलून निरोप धाडायचा, "राम राम. डाव्या कोपऱ्याचा फोटो टाका."

आलेली उत्तरं वाचून दाखवायला मी. "भाई, लेना है तो लो, टाइमपास मत करो."

"काय म्हनतोय?"

"घ्यायचं तर घ्या, म्हणतोय."

"आन् कोपरा?"

"कोपऱ्याचं काही नाही लिहिलं, नाना."

"मंग पुन्हा इचार त्याला. आपल्याला काय घाई हाय."

टपरीवाला हसायचा. "नाना, पाकीट घेतलं की कोट-पाटलून बी शिवा."

"शिवतो की. तुला बी एक बनियन आनतो, हे फाटलंय तुझं."

हे सगळं सुरू झालं सोपानपासून. सोपान म्हणजे नाना आणि गयाकाकूंचा एकुलता एक मुलगा, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला. त्याला एकच शौक होता. असली जुनी पाकिटं ऑनलाइन हुडकायची, खरं-खोटं पारखायचं, घरी आलं की तेल लावून चामडं मऊ करायचं. नाना म्हणायचे, "लोकाचं उष्टं कशाला खिशात घालतो?" सोपान म्हणायचा, "उष्टं न्हाई नाना, मुरलेलं हाय. लोनच्यावानी."

त्यातलं एक तपकिरी पाकीट त्याचं फार लाडकं. एकदा तो आंघोळीला गेला तेवढ्यात नानांनी चाकू काढला आणि त्या पाकिटाच्या डाव्या कोपऱ्याला तिरपी खाच मारली. नानांच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं होती. आता शेती आहे, मेंढरं गेली, पण घरची खूण राहिली. डाव्या कानाला तिरपी खाच. ज्याच्या कानाला ती खाच, ते मेंढरू यांचं. सोपान दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "नाना, त्याची किंमत मातीत घातली तुम्ही." नाना म्हणाले, "किंमत इकायच्या वस्तूला अस्ती. हे तर तुझंय न्हवं?"

सोपान अंबडहून गावाकडे येताना मोटारसायकलवर होता. ट्रकनं उडवलं. दिवस मावळायला आलेला, रस्ता चालू. मी स्पष्ट लिहिते, कारण गावात हे कुणी स्पष्ट बोलत नाही. त्याचा जीव लगेच गेला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, बराच वेळ श्वास चालू असणार. तेवढ्या वेळात कुणीतरी त्याच्याजवळ आलं, वाकलं, खिशातून पाकीट काढलं आणि निघून गेलं. लायसन पाकिटात होतं. मोबाइलचा चुरा झालेला. त्यामुळे ज्या गावात हा पोरगा जन्मला त्याच्या शिवेवर तो सकाळपर्यंत बेवारस होता. ठाण्यात नाना पाकिटाचं बोलले तर साहेब म्हणाले, "पोरगं गेलं बाबा, आता पाकिटाचं काय घेऊन बसला?"

अपघातग्रस्तांना मदत कशी करावी, याची पत्रकं वाटणारं आमचं छोटं मंडळ आहे. त्यातूनच माझी नानांशी ओळख झाली. मला वाटलं, त्यांना मुलाची आठवण म्हणून ती वस्तू परत हवी असेल. मी तसं म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फारच लहान आहे.

"पाकिटाला काय चुलीत घालू? पोरी, ज्यानं ते काढलं, त्यानं माझ्या लेकराला शेवटचं बघितलं. मला त्याला एकच इचारायचंय. सोपाननं पानी मागितलं का?"

माझ्या हातातल्या पत्रकातच छापलं होतं की जखमीला पाणी पाजू नका. मी ते सांगितलं. नाना म्हणाले, "पाजू नका, बराबर हाय. पर त्यानं मागितलं का, ते ऐकायला तर कुनी पायजे."

आणि एके दुपारी ते सापडलं. नानांनी नुसता मोबाइल माझ्यापुढे धरला. तपकिरी पाकीट, डाव्या कोपऱ्याला तिरपी खाच. खाली लिहिलं होतं, कोपरा किंचित खराब, बाकी उत्तम. ठिकाण दाखवत होतं जालना, मस्तगड. विकणाऱ्याचं खरं नाव नव्हतं, नुसतं एक टोपणनाव.

मी म्हटलं, "नाना, आता घाई नको. गुपचूप विकत घ्यायचं, पत्ता मिळवायचा आणि पोलीस घेऊन जायचं."

"पोलीस आले की मानूस खोटं बोलतं. मला खरं पायजे."

मग त्यांनी मला मेंढरांचा कायदा सांगितला. आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तर त्याच्या तळावर सरळ जायचं. राम राम घालायचा, खूण दाखवायची. त्याला चोर म्हणायचं नाही, ते कसं आलं हे विचारायचं नाही. तो चहा पाजतो, आपण पितो. "खूण दावली की मानूस न्हाई म्हनत न्हाई. आमच्यात कुनी म्हनलंच न्हाई आजपस्तोर."

मी खूप भांडले. मोबाइल म्हणजे तळ नव्हे, पलीकडे बसलेल्याला कसलीही लाज राखायची गरज नसते, हे नाना तुम्हाला कळत नाही, असंही म्हणाले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "झालं का पुढारीणबाईंचं भाषण? आता मी सांगतो ते लिव."

मी लिहिलं. "राम राम. हे पाकीट माझ्या मुलाचं आहे. कोपऱ्याची खूण आमच्या घरची आहे. पाकीट तुम्हालाच राहू द्या. मी पोलिसात जाणार नाही, तुम्हाला चोर म्हणणार नाही. एवढंच सांगा, त्यानं पाणी मागितलं का?"

समोरच्यानं निरोप वाचल्याची खूण आली. नाना बाकावर सावरून बसले, धोतर नीट केलं, जणू कुणाच्या तळावर चहाची वाट बघताहेत. टपरीवाल्यानं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. थोड्या वेळानं मी मोबाइलचा पडदा सरकवला तर पाकिटाचा फोटो गेलेला, विकणाऱ्याचं खातंही गेलेलं. कदाचित त्यानं ते भंगारातल्या मालात घेतलं असेल. कदाचित तो वाकणारा माणूस तोच असेल. फोटो मी आधीच माझ्या मोबाइलमध्ये उतरवून ठेवला होता; मस्तगडच्या दुकानांतून तो दाखवत फिरले, पण कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

"न्हाई म्हनला असता तरी चाललं असतं," नाना म्हणाले. "निस्ता उठून गेला."

त्यानंतर त्यांनी मोबाइल उघडला नाही. एकदाच आमच्या पत्रकाची मागणी केली. त्यात एक ओळ घाला म्हणाले. "खिशात हात घालायचा तर घाला, पर त्याच्याशी बोला." मी भडकले. आम्ही चोरांना सल्ले छापत नाही, म्हटलं.

"तुमी चोरी बंद करताल तवा करताल. तवर मानसानं एकटं मरावं का?"

मंडळात भांडणं झाली, पण शेवटी ओळ छापली. तीच पत्रकं फाट्यावर भज्यांखाली दिसली. पुढे पुलाजवळ टेम्पो उलटला तेव्हा लोक कांद्याच्या गोण्या उचलायला धावले. ड्रायव्हरशी कोण बोललं, असं मी विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बदल होतोय असं मी सभांमधून सांगते. इथे सांगणार नाही.

नाना गेले ते घरीच, लिंबाखालच्या खाटेवर. छातीचं दुखणं होतं. भोवती भावकी होती, बाया होत्या, सगळे त्यांच्याशी बोलत होते. डोळे मिटलेले होते. मग ओठ हलले.

"पानी."

गयाकाकूंनी तांब्या लावला. घोटभर आत गेलं, बाकीचं मानेवरून ओघळलं. नानांनी डोळे उघडून मला हुडकलं.

"मागू वाटतं, पोरी," ते म्हणाले. "म्हंजी त्यानं मागितलंच असंल."

गयाकाकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.