दावणीला बांधलेला फुटबॉलपटू

इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबने एका स्कॉटिश खेळाडूला फसवलं. तो खेळाडू म्हणजे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावातल्या माझ्या शेजाऱ्यांचे आजोबा. शेजारी ऐंशीच्या पुढचे, मूळचे स्कॉटलंडचे. कोरोनाच्या पहिल्या वसंतात हॉटेलांना मसाले पुरवायचा माझा धंदा ठप्प झाला होता आणि त्यांच्याकडे नातवंडं फिरकत नव्हती. मग कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून आम्ही बोलत बसायचो.

आजोबा कोळशाच्या खाणीतले. पैसे घेऊन खेळायला स्कॉटलंडमध्ये तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बंदी होती, म्हणून ते इंग्लंडला जाऊन पगारी खेळाडू झाले. करार वर्षाचा असायचा. उन्हाळ्यात खेळाडू गावी परतत. एका उन्हाळ्यात तेही परतले, आणि क्लबने नवा करार केलाच नाही. पण लीगच्या यादीतलं त्यांचं नावही सोडलं नाही. एकदा क्लबने नाव राखून ठेवलं, की त्या लीगमध्ये दुसऱ्या कुणाकडूनही खेळता यायचं नाही. पगार नाही आणि सुटकाही नाही.

"म्हणजे गाय दावणीला बांधायची आणि चारा घालायचा नाही!" मी ताडकन उठून कुंपणाशी गेलो.

"दीड मीटर," शेजारी म्हणाले. "लांबून चिडा."

आतून बायको ओरडली, "अहो, हळू! ते लोक कधीच मेले!"

मेले असतील. पण टिलबर्गच्या गोदामात मी कामाला होतो तेव्हा माझी या देशात राहायची आणि काम करायची परवानगीही मालकाच्या नावाशी बांधलेली होती. तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणून मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. "पुढे ते खेळले का?"

शेजाऱ्यांनी मुद्दाम सावकाश चहा संपवला. "खेळले ना! इंग्लंडच्या दक्षिणेत दुसरी लीग होती. तिला हा नियम लागू नव्हता. आजोबा पुन्हा खाणीत लागले होते; तिथल्या क्लबचा माणूस थेट खाणीवर आला."

"आणि हे लगेच हो म्हणाले?"

"छे! नाही म्हणाले. तो स्टेशनापर्यंत जाऊन पगार वाढवून परत आला, मग हो म्हणाले."

मी खदखदून हसलो. गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत ते तिथे खेळले, मनासारख्या पगारावर. कित्येक आठवड्यांनी मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पण ते सुटले ते स्वतःच्या अकलेवर, कुणाच्या न्यायाने नाही. त्या क्लबच्या खुर्च्यांवर आज जे बसलेत, त्यांनी जबाब द्यावा: माणूस नको होता, तर बांधून का ठेवलात?