पट्टा मीच मागितला होता

रुक्मिणमावशी नसत्या, तर मी मानवतच्या जिनिंगमधून पहिल्याच सीझनला पळून गेलो असतो. नववीत शाळा सुटलेली, गाव पार दापोलीकडं. तापानं फणफणलो तेव्हा त्यांनीच घरी नेलं, ज्वारीची भाकर कुस्करून भरवली. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं; उरते ती रुई. आवारातल्या ढिगावरून कापूस टोपल्यांनी डोक्यावर आणायचा आणि मशीनमध्ये टाकायचा, हे बायकांचं काम. मी फिटरचा हेल्पर. टोपलीला उशीर झाला की रोलर मोकळे फिरतात. वीज जळते, रुई निघत नाही.

टोपल्या वाहून मावशींची मान आखडलेली असायची. शेठनी एकदा सगळ्यांना विचारलं, उत्पादन कसं वाढेल? मी भीत भीत म्हणालो, पट्टा लावा, कापूस आपोआप मशीनवर येईल. मनात मावशींची मान होती. पण शेठसमोर मानेचं कुठं बोलणार?

पट्टा आला. बसवायला मीच होतो. बेअरिंग तापायचं तेव्हा मी धावत जाऊन ग्रीस भरायचो. पण चालला. रुईच्या गाठी वाढल्या. मला फिटर केलं.

मग मॅनेजरसाहेबांनी प्रॉडक्टिव्हिटी समजावली. निघालेला माल भागिले माणसं. दुसऱ्या मिल्स पुढं गेल्यात, आपणही जायला पाहिजे.

"माल तर वाढला ना साहेब?"

"वरचा आकडा वाढला. आता खालचा कमी करायचा."

खालचा म्हणजे बायका. वयामुळं मावशींचं नाव पहिलं. मी शेठकडं गेलो. झाडायचं तरी काम द्या म्हणालो. ते चिडले नाहीत.

"अरे, कापूस आपोआप येईल, असं तूच म्हणालास ना?"

मी तिथून बाहेर पडलो.

मावशी गेटवर भेटल्या. मी डोळे पुसत होतो.

"रडायलास कशाला रं? मान बरी झाली की माझी," त्या म्हणाल्या. "अन् फिटर झालास म्हणं. पेढे न्हाई दिलेस."

मिल आता चांगली चालते. मावशी लोकांच्या रानात कापूस वेचणीला जातात, दिवसभर वाकून. मशीन मागताना ती कुणाच्या जागी बसणार, हे आधी विचारावं. मला ते फिटर झाल्यावर कळलं.

मावशींना पिठाची गिरणी घालून द्यायची आहे, त्यांच्याच नावावर. पगारातून थोडं थोडं बाजूला ठेवतोय. वेळ लागेल. पण घालून देणार, आणि बसवणारही मीच.