मामीचा अडुळसा

नातीसाठी अडुळसा उकळत ठेवला आणि त्या कडू वासासरशी पार्ल्याची मामी समोर उभी राहिली.

पंचावन्न सालच्या सुमारास आम्ही घाटकोपरला, कारखान्याच्या धुराड्यालगतच्या चाळीत राहायचो. वर्षभर खोकणारी मी मे महिन्यात मामाकडे गेले की बरी व्हायचे. एका वर्षी परत निघताना मामीने आईच्या हातात काढ्याची बाटली दिली.

"हिला याचाच गुण येतो बघा."

"घरी नीट पीत नाही ना ही," आई म्हणाली.

माझ्याच वयाची मामेबहीण सुमन चिंचेकडच्या उघड्या खिडकीशी शांत झोपली होती. तिला काढा कधी लागायचाच नाही. मामी तिला लपवून काहीतरी चांगलं देते, असं वाटून मी जळफळले.

ते चांगलं म्हणजे त्या खिडकीतली स्वच्छ हवाच होती, हे आता कळतं. तरी परवा सुमन तीन जिने चढून हसत आली, तेव्हा पुन्हा तसंच जळफळले. धाप लागली होती ती दार उघडायला उठलेल्या मला.